महामार्गांची प्रकृती आणि छोटे ड्रोन

२०२५च्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. आणंद जिल्ह्यातील एका खेड्यातून एक माता आपल्या सव्वाचार महिन्यांच्या बाळाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. चौदाव्या आठवड्याची लस राहून गेली होती आणि बाळाला एकोणिसावा आठवडा चालू होता. थोरल्या मुलीच्या वेळी लसीकरणाची एकही तारीख न चुकवणारी ही बाई. म्हणून मी काहीशा नाराजीनेच उशिराचे कारण विचारले. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, पूल पडला ना!" मी निरुत्तर झालो.

तो पूल म्हणजे मही नदीवरील गंभीरा पूल. आपल्या बडोदे जिल्ह्यातील पादरा तालुक्याला पलीकडच्या आणंद जिल्ह्याशी जोडणारा हा पूल १९८५मध्ये वाहतुकीस खुला झाला होता. ९ जुलै २०२५ रोजी सकाळी, कामावर निघालेल्यांची वर्दळ चालू असताना, त्याचा एक गाळा कोसळला आणि वाहने नदीत पडली. किमान वीस माणसे दगावली. मृतांमध्ये लहान मुलेही होती. जखमींना आपल्या सयाजी रुग्णालयात आणण्यात आले, त्यामुळे आपल्यापैकी काही सहकाऱ्यांनी त्या दिवसाचे दुःख जवळून पाहिले आहे. तुटलेल्या टोकावर अर्धवट लोंबकळणारा टँकर त्यानंतर कित्येक दिवस वर्तमानपत्रांतून दिसत राहिला.

त्या पुलावरून मीही अनेकदा गेलो होतो. वरून मही नदीचे विस्तीर्ण पात्र पाहिले होते, पण पुलाच्या खालच्या बाजूला काय चालले आहे हा प्रश्न कधी मनात आला नव्हता. त्या बाईच्या उत्तरानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, अभियंता मित्रांना प्रश्न विचारू लागलो, आणि त्यातून छोट्या ड्रोनच्या उपयोगाचा विषय समोर आला. मी अभियंता नाही. परंतु तपासणी, निदान आणि उपचार हा आपल्या सर्वांचा रोजचा व्यवहार असल्यामुळे हा विषय डॉक्टरांना परका वाटणार नाही, अशा विश्वासाने प्रस्तुत लेख लिहीत आहे.

जे डोळ्यांना दिसत नाही

पूल बहुधा खालून आजारी पडतो. वरचा डांबरी थर गुळगुळीत असतो, कठड्यांना नवा रंग दिलेला असतो, आणि खाली तुळया जेथे खांबांवर टेकतात तेथील सांध्यांत वर्षानुवर्षे पाणी झिरपत असते. हे पाणी काँक्रीटमधील लोखंडापर्यंत पोहोचले की लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीटला प्रथम केसासारखी भेग पडते, मग ढलपा निघतो आणि सळया उघड्या पडतात. गंभीरा पुलाच्या बाबतीत गुजरात शासनाच्या प्राथमिक चौकशीत तुळयांचा भार पेलणारे चौथरे आणि सांधे चिरडले गेल्याचे कारण पुढे आले. म्हणजे दोष अशा ठिकाणी होता, जेथे पुलावरून जाणाऱ्याची नजर पोहोचूच शकत नाही.

ही जागा पाहण्याची रूढ पद्धत कष्टाची आहे. काही ठिकाणी होडीतून दुर्बिणीने पाहतात. काही ठिकाणी परांची बांधतात. सुस्थितीतील यंत्रणांकडे एक विशेष गाडी असते. ती पुलावर उभी राहते आणि तिचा लोखंडी हात कठड्यावरून खाली वळून तुळयांखाली जातो. त्या हाताच्या टोकाला असलेल्या पाळण्यात उभे राहून अभियंता पाहणी करतो. परंतु त्यासाठी रस्त्याची एक बाजू काही तास बंद ठेवावी लागते, वाहतूक तुंबते, आणि उघड्या रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जिवालाही धोका असतो. साहजिकच ही तपासणी लांबणीवर पडण्याकडे कल असतो.

या ठिकाणी ड्रोन कामाला येतो. सामान्यतः वापरला जाणारा ड्रोन चार पंख्यांचा आणि एक-दोन किलो वजनाचा असतो. एकदा विद्युत्घट भरला की तो सुमारे अर्धा तास उडतो. त्याच्या पोटाशी कॅमेरा असतो, आणि पुलाच्या कामासाठी वर पाहू शकणारा कॅमेरा लावलेले ड्रोनही मिळतात. असा ड्रोन सांध्यापासून दोन-तीन मीटरवर स्थिर ठेवला, तर छायाचित्रातील एक ठिपका एका मिलिमीटरहून लहान भाग दाखवतो. काँक्रीटच्या भारतीय मानकात सर्वसाधारण परिस्थितीत ०.३ मिलिमीटरपेक्षा रुंद भेग चालत नाही. पुरेसा जवळून घेतलेला कॅमेरा एवढी बारीक भेगही टिपू शकतो. रस्ता बंद करावा लागत नाही, कोणाला उंचीवर लटकावे लागत नाही.

दुसरे साधन म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा. काँक्रीटचा वरचा थर आतून सुटला असेल, तर त्या फटीत हवा शिरते. दिवसा ऊन पडल्यावर त्या भागातील उष्णता खाली जाऊ शकत नाही, म्हणून तेवढाच भाग आजूबाजूपेक्षा लवकर तापतो. रात्री तो लवकर निवतो. डोळ्याला एकसारखा दिसणारा पृष्ठभाग या कॅमेऱ्यात डागाळलेला दिसतो. त्वचा साधी दिसावी आणि हाताला मात्र एखादी जागा गरम लागावी, तसाच हा प्रकार आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या वाहतूक विभागाने २०१५पासून पुलांच्या तपासणीत ड्रोनचा पद्धतशीर अभ्यास केला. दुर्गम जागा पाहण्यासाठी ड्रोन उपयुक्त ठरतो, वेळ व खर्च वाचतो, परंतु माणसाने हात लावून करण्याच्या तपासणीची जागा तो पूर्णपणे घेऊ शकत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. कारण अभियंता काँक्रीटवर हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. भरीव आवाज निरोगी, पोकळ आवाज रोगट. आपल्याला हे वेगळे सांगायला नको. छाती ठोकून पाहण्याची आपली पद्धत १७६१ साली ग्रंथरूपाने मांडणारे डॉ. ऑएनब्रुगर हे खानावळवाल्याचे पुत्र होते, आणि पिंपे ठोकून आतील द्रवाची पातळी ओळखण्याची युक्ती त्यांना घरूनच ठाऊक होती असे सांगतात. ड्रोनला ही ठोकण्याची विद्या सहजी साधत नाही. कोठे ठोकून पाहायचे, एवढे मात्र तो नेमके सांगतो.

रस्ता, चर आणि डोंगरउतार

पुलांव्यतिरिक्त महामार्गाच्या दैनंदिन देखभालीतही ड्रोनचा उपयोग आहे. साठ मीटर उंचीवरून घेतलेल्या छायाचित्रात एक ठिपका साधारण दीड-दोन सेंटिमीटर जागा दाखवतो. ड्रोन ठरलेल्या रेषेवर उडत शेकडो छायाचित्रे घेतो आणि प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्राचा बराचसा भाग पुन्हा आलेला असतो. आपले दोन डोळे एकच वस्तू दोन कोनांतून पाहतात म्हणून आपल्याला खोली कळते. त्याच तत्त्वाने संगणक या छायाचित्रांवरून रस्त्याचा उंचसखल नकाशा तयार करतो. त्यावरून खड्डा किती खोल आहे, साइडपट्टी कोठे खचली आहे, पावसाचे पाणी कोठे साचणार आहे, मोरीचे तोंड कोठे बुजले आहे, हे कळते.

खड्ड्यांचा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांतील मृत्यू १,८५६ होते. एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा सुमारे दोन टक्के, परंतु मृत्यूंत मात्र एक तृतीयांशाहून अधिक. बालरोगतज्ज्ञ म्हणून माझी नजर याच अहवालातील आणखी एका आकड्यावर खिळली. मृतांपैकी ९,५२८ जण अठरा वर्षांखालील होते. म्हणजे दररोज सव्वीस मुले. एखाद्या संसर्गाने रोज सव्वीस मुले दगावू लागली असती, तर आपण सर्वांनी मिळून केवढा गहजब केला असता!

घाटमार्गांत धोका वरून येतो. १६ जुलै २०२४ रोजी कर्नाटकातील अंकोल्याजवळ शिरूर येथे राष्ट्रीय महामार्ग ६६वर मुसळधार पावसात डोंगराचा भाग कोसळला आणि रस्त्यावरील माणसे व वाहने मातीखाली अथवा शेजारच्या गंगावळी नदीत गेली. अकरा माणसे गेली. नदीत बुडालेल्या एका ट्रकचा ठाव घेण्यासाठी ड्रोनवर बसवलेले शोधयंत्र निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली वापरण्यात आले. नदीच्या प्रचंड प्रवाहामुळे ट्रक प्रत्यक्ष बाहेर काढण्यास २५ सप्टेंबर उजाडला, आणि त्यासाठी गोव्याहून गाळ उपसणारे जहाज आणावे लागले. आपत्तीनंतर ड्रोनने केलेली ही सेवा मोलाचीच. पण रुंदीकरणासाठी उभ्या कापलेल्या अशा उतारांचे नकाशे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात ठरावीक अंतराने घेऊन एकावर एक ठेवले, तर कोणता कडा किती सरकला, माथ्यावर नवी भेग कोठे पडली, हे आधीही कळू शकते. त्यावरून रस्ता वेळीच बंद करता येतो. ड्रोनचे खरे काम हे आहे.

अपघातानंतरची काही मिनिटे

महामार्गावर अपघात झाला की पोलिसांना पंचनाम्यासाठी मोजमापे घ्यावी लागतात: घसरल्याच्या खुणा, वाहनांची स्थिती, काचांचा सडा. तोपर्यंत रस्ता अडलेला राहतो आणि मागून वेगाने येणारी वाहने त्या गर्दीवर आदळून दुसरा अपघात होतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात २०१७ साली वाहतूक विभाग व महामार्ग पोलिसांनी एक नकली अपघात रचून दोन पद्धतींची तुलना केली. जमिनीवर ठेवलेल्या लेसर यंत्राने मोजणी करण्यास १ तास ५१ मिनिटे लागली. ड्रोनने तेच काम २५ मिनिटांत झाले. वाचलेला सुमारे दीड तास म्हणजे तेवढा वेळ मोकळा रस्ता, आणि रुग्णवाहिकेसाठी मोकळी वाट.

२०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने गंभीर इजेनंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हणून कायद्यात स्थान दिले आहे. मे २०२५पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोकड उपचारांची केंद्रीय योजनाही लागू झाली आहे. परंतु रुग्ण त्या तासात आपल्यापर्यंत पोहोचला, तरच हे सारे सार्थ. द्रुतगती मार्गावर अपघात नेमका कोणत्या बाजूला, कोणत्या किलोमीटरवर, वाहन दरीत आहे की रस्त्यावर, आत किती माणसे अडकली आहेत, ही माहिती फोनवरून गोंधळलेल्या माणसाकडून मिळणे कठीण असते. जवळच्या टोलनाक्यावरून उडालेला ड्रोन ती दोन-चार मिनिटांत दाखवू शकतो. रुग्णालयाची सज्जता त्यावर अवलंबून राहील.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कॅमेऱ्यात जखमींचे आणि मृतांचे चेहरे येतात. रुग्णाची गोपनीयता आपण जशी जपतो, तशीच या चित्रणाचीही जपली गेली पाहिजे. तपासासाठी घेतलेले चित्रण मोबाइलवरून गावभर फिरू लागले, तर त्या कुटुंबावर दुसरा आघात होईल.

मर्यादा

कोणत्याही नव्या साधनाविषयी उत्साहात बोलताना त्याच्या मर्यादा सांगणे हे वैद्यकीय शिस्तीचे लक्षण आहे. ड्रोन वारा व पाऊस यांना भितो, आणि आपल्याकडे धोका नेमका पावसाळ्यात वाढतो. पुलाखाली उपग्रहाचे संकेत पोहोचत नाहीत, त्यामुळे तेथे तो उडवण्यास विशेष संवेदक आणि कुशल हात लागतात.

सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे तो फक्त पृष्ठभाग पाहतो. १४ ऑगस्ट २०१८ रोजी इटलीतील जेनोवा येथील मोरांदी पूल कोसळून ४३ जण मृत्युमुखी पडले. त्या पुलाच्या आधारतारा काँक्रीटच्या आवरणात बंद होत्या आणि गंज आत होता. असा दोष कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी निराळ्या चाचण्या कराव्या लागतात. तसेच पुराच्या पाण्याने खांबाच्या पायाखालची माती वाहून गेली, तर ते पाहण्यास पाणबुड्या किंवा ध्वनिलहरींचे यंत्र हवे. बाह्य तपासणी उत्तम झाली म्हणून क्ष-किरण चित्राची गरज संपत नाही.

कायद्याचीही चौकट आहे. ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी परवानग्या पुष्कळ सोप्या केल्या. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंत 'मायक्रो', आणि २५ किलोपर्यंत 'स्मॉल' असे वर्ग ठरले. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. विमानतळाच्या परिसरात मात्र १२ किलोमीटरपर्यंत निरनिराळी बंधने आहेत. आपला हरणीचा विमानतळ महामार्गापासून फार दूर नाही, तेव्हा बडोद्याजवळच्या पट्ट्यात हे काम हवाई नियंत्रकांच्या संमतीनेच करावे लागेल.

एक ठिपका आणि एक रेषा

आता पुन्हा त्या बाळाकडे वळतो. एकोणिसाव्या आठवड्यात त्याचे वजन ६ किलो भरले. केवळ हा आकडा पाहिला, तर वय पाहता तो सर्वसामान्य मर्यादेच्या आत होता. कोणीही 'ठीक आहे' म्हणून लस देऊन पाठवले असते. परंतु माझ्याकडे त्याचा वाढीचा आलेख होता. जन्माचे वजन ३ किलो, सहाव्या आठवड्यात ४.६, दहाव्या आठवड्यात ५.६, आणि त्यानंतरच्या नऊ आठवड्यांत जेमतेम चारशे ग्रॅम. चढती रेषा आडवी झाली होती. अधिक विचारल्यावर कळले, की मधल्या काळात बाळाला जुलाब होऊन गेले होते आणि घरच्यांनी पाणी घातलेले वरचे दूध सुरू केले होते. एका ठिपक्याने जे लपवले, ते रेषेने सांगितले.

ड्रोनविषयी वाचताना मला हेच वारंवार जाणवले. एकदा ड्रोन उडवून सुंदर चित्रफीत काढली, उद्घाटनाच्या वेळी ती दाखवली, याने पुलाचे आयुष्य वाढत नाही. तोच सांधा, त्याच अंतरावरून, त्याच कोनातून, दर सहा महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर टिपला गेला पाहिजे, आणि ती चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली गेली पाहिजेत. भेग मागच्या वेळी एक हात लांब होती, आता दोन हात झाली, हे वाक्य अभियंत्याला लिहिता आले पाहिजे. भारतीय राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरणाने जून २०२१मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्रकल्पांचे दरमहा ड्रोनद्वारे चित्रीकरण बंधनकारक करून ते आपल्या संगणकीय कोठारात साठवण्याची पद्धत सुरू केली. हे योग्य दिशेचे पाऊल आहे, कारण त्यात नोंदींची मालिका तयार होते. मात्र देशातील असंख्य पूल राज्यमार्गांवर, जिल्हामार्गांवर आहेत. गंभीरा पूलही राष्ट्रीय महामार्गावर नव्हता. अशा पुलांचा आलेख कोण ठेवणार, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एस. टी.च्या दोन बसगाड्यांसह अनेक जीव गेले. त्या पुलाची तपासणी त्याच वर्षीच्या मे महिन्यात झाली होती आणि तो वाहतुकीस सुरक्षित असल्याचा निष्कर्ष निघाला होता, असे नंतर शासनाकडूनच सांगण्यात आले. गंभीरा पुलाबाबतही तो हादरतो अशा तक्रारी स्थानिक लोकांनी आधी केल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. म्हणजे एके ठिकाणी तपासणीत रोग सापडला नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी रुग्ण स्वतः सांगत असताना उपचार झाला नाही. ड्रोन पहिल्या उणिवेवर काही अंशी औषध आहे. दुसऱ्या उणिवेवर कोणतेही यंत्र नाही. तेथे जबाबदारीच हवी. रक्ताचा अहवाल कपाटात ठेवून दिल्याने ताप उतरत नाही, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक आहे?

आपण काय करू शकतो

आपली संस्था काही पूल बांधू शकत नाही. तथापि डॉक्टरांच्या शब्दाला समाजात अजून किंमत आहे. आपल्या परिसरातील प्रत्येक मोठ्या पुलाची शेवटची तपासणी केव्हा झाली, तिचा निष्कर्ष काय, आणि त्यावर काय कार्यवाही झाली, या तीन गोष्टी पुलाच्या दोन्ही टोकांना फलकावर लिहाव्यात, अशी मागणी आपण करू शकतो. ड्रोनने घेतलेली चित्रे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी खुली करावीत, असे सुचवू शकतो. आपल्याकडे येणाऱ्या अपघातग्रस्तांच्या नोंदीत अपघाताचे नेमके ठिकाण लिहिण्याची सवय लावून घेऊ शकतो. एकाच वळणावरून, एकाच मोरीवरून वारंवार रुग्ण येऊ लागले, तर ते सर्वप्रथम आपल्यालाच कळते. ती माहिती संबंधित खात्याला कळवणे, आणि ड्रोनने प्रथम कोठे पाहावे हे सांगणे, हे आपल्या हातचे काम आहे.

त्या बाळाच्या आईला मी आहार समजावून सांगितला, लस दिली आणि पंधरा दिवसांनी बोलावले. लांबचा वळसा घेऊन, दोन गाड्या बदलून ती नेमकी त्या दिवशी आली. बाळाच्या वजनाचा काटा वर सरकला होता. मी आलेखावर नवा ठिपका टिपला आणि रेषा जोडली. ती बाई त्या कागदाकडे कौतुकाने पाहत होती. जाताना तिने विचारले, "साहेब, नवा पूल कधी होईल?" नवा पूल होईलच. पण तो झाल्यावर पहिल्या दिवसापासून त्याचाही असा एक कागद ठेवला जाईल का, हे तिला मी सांगू शकलो नाही.